एक जानेवारी दोन हजार

सेल चार लागतात, पेन्सिल सेल.
बाजारातले स्वस्तातले घातले
तर दोन फोटो निघतात, मग भिंग अर्धं बाहेर येऊन
तसंच अडून बसतं, उंबऱ्यात थांबलेल्या वासरासारखं.
तेव्हा ढकलायचं नाही.
सेल काढायचे, शर्टाला पुसायचे,
आगपेटीच्या कडेवर टोकं घासून पुन्हा बसवायचे.
हे मला नागपूरच्या दुकानदारानं सांगितलं नाही,
सिंदेवाहीच्या रेडिओवाल्या भजभुजेनं सांगितलं,
"बिमारी सेलाची नाही बाप्पा, गंजाची हाय."

कार्ड सोळा एमबीचं.
एरर आली की काढून घालायचं, तीनदा.
चौथ्यांदा देवाचं नाव घेऊन.
फॉरमॅट करू का, असं तो आपणहून विचारतो,
तेव्हा हो म्हणू नये.
मी एकदा म्हटलं,
अन् कुसराम गुरुजींच्या पोरीची अख्खी हळद गेली.
लग्नाच्या चौथ्या दिवशी पुन्हा हळद कालवली त्यांनी,
जावई हसत होता, गुरुजी नाही.

बटण दाबल्यावर तो विचार करतो.
तेवढ्यात हसू उतरतं, बकरी निघून जाते,
पोरगं नाकात बोट घालतं, आणि फोटो निघतो तो त्याचा.
म्हणून मी सांगतो, झालं असं वाटलं तरी थांबा.
लोक थांबतात.
इकडच्या माणसांना कुणी थांबा म्हटलं
तर ते का म्हणून विचारत नाहीत.

रात्री दंडारीत सगळ्यांचे डोळे लाल आले,
राजाचे, राणीचे, झोपलेल्या तबलजीचा एक.
फ्लॅशवर लग्नपत्रिकेतला पातळ कागद चिकटवला,
तेवढ्यानं भागलं.

तारखेचं मात्र काही जमलं नाही.
आत कुठंतरी एक बारकी बटणसेल असते म्हणे,
ती मेली. भजभुजे म्हणाला,
डाग देऊन बसवलेली हाय, उघडलं तर मिटणार नाही.
तेव्हापासून सेल बदलले की कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत
एक जानेवारी दोन हजार, रात्रीचे बारा.
भर उन्हात, बारशात, तेरवीत,
रात्रीचे बारा.

सोमीबाई पेंदामचा फोटो तसाच निघाला.
वनहक्काच्या दाव्याला जोडायचा होता.
ती, मानकू, मागं धानाची बांधी,
धुऱ्यावर मोहाचं झाड.
खरं साल दोन हजार आठ,
पोळा होऊन चार दिवस झालेले, धान गुडघ्याएवढं.

तहसिलातल्या बाबूनं चष्मा कपाळावर नेला.
"दोन हजार? अरे व्वा.
दोन हजार पाचच्या आधीचा ताबा पाहिजे, हा तर पाच वर्षं आधीचा.
लावून टाकू?"
मानकू माझ्याकडे पाहत होता.
पंख्याखाली मला घाम आला.
"साहेब," मी म्हटलं, "तारीख कॅमेऱ्याची बिमारी हाय.
झाड पाहा. दोघांच्या कवेत येत नाही ते."
बाबूनं झाड पाहिलं, मग मला पाहिलं, जरा जास्तच वेळ.
तारखेवर पेनानं काट मारली,
मागं माझी सही घेतली,
आणि फोटो फायलीला टाचला.

बाहेर कडुलिंबाखाली मी नवे सेल घातले.
पडद्यावर साल लुकलुकायला लागलं.
सोमीबाई वाकून म्हणाली, "खरं साल घाल ना जी यात."
मी चढत गेलो, सहा, सात, आठ.
"हे नाही. माह्या सासऱ्यानं धुरा घातला ते."
मी उतरत आलो. सात, सहा, पाच, चार...
दोन हजारावर बटण अडलं. पुन्हा दाबलं. अडलं.
"याच्या मागं जात नाही हे."
"काहून?"
"याच्यात नाहीच मागचं."

तिनं कॅमेरा तळहातावर घेतला, वजन पाहिलं,
आणि जपून परत दिला.
"मंग लेकरूच होय हे,"
म्हणाली, अन् पदराची गाठ सोडून
सेलाचे पैसे मोजायला लागली.